स्प्रिंग बूट २.७ वरून ३ वर जाताना प्रॉपर्टीजची नावं आपोआप कशी बदलावीत?

तुमचा प्रोजेक्ट स्प्रिंग बूट (जावातली ॲप्स बनवण्याचं फ्रेमवर्क) २.७ वर आहे, तो ३ वर न्यायचा आहे, प्रॉपर्टीजच्या, म्हणजे ॲपच्या सेटिंग्जच्या, फाइल्स भरपूर आहेत, तर फाइंड-रिप्लेस करणारी शेल स्क्रिप्ट लिहावी का, असं तुम्ही विचारलंय.

तशी स्क्रिप्ट लिहू नका. नावं बदलण्यामागे एकच सूत्र नाही. रेडिस या डेटाबेससाठी 'स्प्रिंग.रेडिस'चं 'स्प्रिंग.डेटा.रेडिस' झालं, म्हणजे मध्ये 'डेटा' आलं. कॅसँड्रा या दुसऱ्या डेटाबेसचं नेमकं उलट: 'स्प्रिंग.डेटा.कॅसँड्रा'मधलं 'डेटा' गेलं. शिवाय यामल या दुसऱ्या प्रकारच्या सेटिंग्ज फाइलमध्ये 'स्प्रिंग' एका ओळीवर असतं आणि 'रेडिस' त्याच्याखाली आत सरकवलेलं. नुसता मजकूर शोधणाऱ्या स्क्रिप्टला ते सापडणारच नाही.

आधी २.७ च्या शेवटच्या पॅच आवृत्तीवर या आणि ॲप नीट चालतंय ना ते पाहा. मग ओपनरीराइट हे कोड आपोआप बदलणारं टूल लावा. त्याची स्प्रिंग बूट ३ ची रेसिपी (तयार बदलांचा संच) प्रॉपर्टीज आणि यामल दोन्ही समजून नावं बदलते, कॉमेंट्स जागच्या जागी ठेवते, आणि जावा कोडमध्ये व्हॅल्यू ॲनोटेशनात लिहिलेली जुनी नावंही पकडते. पॅकेजच्या नावांत जावॅक्सचं जकार्ता करण्याचं कामही तीच करते. पहिल्यांदा ड्राय रनच करा, म्हणजे फाइल्स न बदलता नुसती चाचणी. तो होणाऱ्या बदलांची पॅच फाइल काढून देतो, ती शांतपणे वाचा.

इथपर्यंतचं काम सोपं आहे. खरी काळजी आहे ती रिपॉझिटरीत (गिटमधल्या कोडसाठ्यात) नसलेल्या प्रॉपर्टीजची.

मी सोलापुरात असतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांची ऑर्डर आणि डिस्पॅचची ॲप्स सांभाळतो. जार (ॲपची तयार फाइल) सगळीकडे एकच, पण प्रत्येक कारखान्याच्या मशीनवर जारशेजारी कॉन्फिग फोल्डर असतो आणि त्यात त्या-त्या कारखान्याची फाइल. गिटला तिचा पत्ता नाही, म्हणून ओपनरीराइटलाही नाही. सर्व्हिस सुरू करताना दिलेल्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्सचंही तसंच.

आणि स्प्रिंग अनोळखी प्रॉपर्टीबद्दल तक्रार करत नाही, गुपचूप सोडून देतं. फाइलमध्ये जुन्या नावाने रेडिसचा होस्ट राहिला, तर ॲप मुकाट्याने लोकलहोस्टवर ६३७९ पोर्टकडे जातं. तुमच्या लॅपटॉपवर तिथे रेडिस चालू असतंच, त्यामुळे सगळ्या टेस्ट हिरव्या. अडतं ते थेट गिऱ्हाइकाकडे, गाडी भरायच्या वेळी.

यासाठी स्प्रिंग बूटचाच प्रॉपर्टीज मायग्रेटर आहे. ती एक डिपेंडन्सी, म्हणजे प्रोजेक्टला जोडायची लायब्ररी आहे. रनटाइम स्कोपमध्ये टाका. ॲप सुरू होताना ती प्रत्यक्ष लोड झालेल्या प्रॉपर्टीज तपासते आणि लॉगमध्ये लिहिते: कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या ओळीवर जुनं नाव आहे आणि नवं काय. नाव बदललेल्या प्रॉपर्टीज वॉर्निंग म्हणून येतात, आधार काढून घेतलेल्या एरर म्हणून. म्हणून ती तुमच्या मशीनवर चालवून थांबू नका. खऱ्या सर्व्हरवरच्या फाइल्स आणि व्हेरिएबल्स घेऊन स्टेजिंगवर (खऱ्यासारख्या चाचणी सर्व्हरवर) चालवा.

एक धोका लक्षात ठेवा. नाव बदललेली प्रॉपर्टी मायग्रेटर त्या वेळेपुरती नव्या नावाने चालवूनही देतो. ॲप चाललं म्हणून लॉग न वाचता पुढे गेलात आणि नंतर डिपेंडन्सी काढलीत, तर बिघाड त्या दिवशी दिसेल. प्रॉपर्टीसोर्स ॲनोटेशनने उशिरा जोडलेल्या फाइल्स तर त्याला दिसतच नाहीत. त्या हाताने पाहा.

बाहेरच्या फाइल्स खूप असतील तर तिथे मात्र छोटी स्क्रिप्ट लिहायला हरकत नाही, फक्त नावांची यादी स्वतः बनवू नका. स्प्रिंग बूटच्या जारमध्ये मेटा-इन्फ फोल्डरात कॉन्फिगरेशन मेटाडेटाची जेसन फाइल असते. त्यात जुन्या नावापुढे 'डेप्रिकेशन' आणि त्याच्या आत 'रिप्लेसमेंट' दिलेलं असतं. मायग्रेटरही याच नोंदींवर चालतो.

लॉग स्वच्छ झाला की मायग्रेटर काढा आणि ॲप पुन्हा सुरू करा. मग ॲक्च्युएटरच्या (चालू ॲपची माहिती देणारा स्प्रिंग बूटचा भाग) कॉन्फिगप्रॉप्स एंडपॉइंटवर होस्ट, पोर्ट, टाइमआउट खरोखर तुम्ही दिलेलेच आहेत का ते पाहा. ३ मध्ये तिथल्या सगळ्या व्हॅल्यू आपोआप ताऱ्यांनी झाकलेल्या येतात. त्या एंडपॉइंटच्या 'शो-व्हॅल्यूज' सेटिंगला 'व्हेन-ऑथराइज्ड' दिलंत की लॉगइन केलेल्या माणसाला दिसतात.