हिवाळी टायर घेतले, तर हवेच्या दाबाचे सेन्सरही दुसरे घ्यावे लागतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीत टायरची हवा कमी झाली की सांगणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, आहे. हिवाळ्यासाठी वेगळे टायर वेगळ्या रिमवर घ्यायचे ठरवलंय. टायरवाला म्हणतो चार नवे सेन्सर घ्या, मित्र म्हणतो कशाला, चार महिने डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागलेला राहील, बास. ऐकायचं कोणाचं? आणि सेन्सरची बॅटरी किती टिकते?

मी दोघांचंही ऐकून पाहिलंय. पहिल्या हिवाळ्यात मित्राचं (माझाही एक असाच मित्र आहे), दुसऱ्यापासून टायरवाल्याचं. पण तुम्हाला कदाचित दोघांचंही ऐकावं लागणार नाही, म्हणून आधी तेवढं बघून घ्या.

ही यंत्रणा दोन प्रकारची असते. एका प्रकारात चाकात काहीच नसतं. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएससाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातोच, त्याच आकड्यांवरून गाडी अंदाज बांधते: हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि इतरांपेक्षा जास्त फिरतं. तुमची गाडी अशी असेल तर सेन्सर विकत घेण्याचा प्रश्नच नाही. टायर बदला, चाकं गार असताना हवा बरोबर भरा आणि मग मेनूमधून किंवा बटण दाबून यंत्रणेला ‘आता हे नवं प्रमाण धर’ एवढं सांगा. पुढे थोडं चालवल्यावर ती आपली आपण शिकते. क्रम मात्र उलटा करू नका. कमी हवेवर बटण दाबलंत तर ती कमी हवाच बरोबर समजून बसेल. या प्रकाराची एक जुनी खोड म्हणजे थंडीनं चारही टायर सारखेच मऊ झाले तर तिला ते उशिरा कळतं, कधी कळतही नाही.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, एक छोटा सेन्सर असतो. तो दाब आणि तापमान मोजून रेडिओवरून गाडीला कळवतो. पडद्यावर चार चाकांचे चार वेगळे आकडे दिसत असतील तर बहुधा हाच प्रकार. फक्त धातूचा व्हॉल्व्ह बघून ठरवू नका, रबरी व्हॉल्व्हवरचे सेन्सरही असतात. सगळ्यात खात्रीचं म्हणजे गाडीबरोबर आलेलं पुस्तक. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात (ग्लोव्ह बॉक्समध्ये) प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर आलेलं नसेल, तर आज काढाच.

टायरवाला सेन्सरवर एवढा का अडून बसतो, यात फक्त नफा शोधू नका. अमेरिकेत फायरस्टोन टायरचे थर सुटून फोर्ड एक्स्प्लोरर गाड्या उलटल्याचं प्रकरण २००० साली गाजलं, त्याच वर्षी त्यावरून कायदा झाला आणि १ सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ती लागते. अमेरिकेत तर चालू असलेली सुरक्षा यंत्रणा दुरुस्तीवाल्यानं निकामी करू नये असा नियम आहे. त्यामुळे सेन्सर नसलेली चाकं चढवून द्यायला तिथला दुकानदार बिचकतो. मालकानं स्वतः घरी चढवली तर तो नियम त्याला लागत नाही. कॅनडात ही यंत्रणा सक्तीची नाही, म्हणून तिकडे सेन्सरविना हिवाळा काढणारे पुष्कळ भेटतात. तुमच्या मित्राचा सल्ला तसा हवेतला नाही.

आता त्या दिव्याबद्दल. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह असलेला तो पिवळा दिवा दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. लागला आणि तसाच स्थिर राहिला, तर हवा कमी आहे. आधी मिनिटभर, फार तर दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणाच बिघडली आहे किंवा तिला सेन्सर सापडत नाहीयेत. सेन्सर नसलेली चाकं लावलीत की रोज गाडी सुरू केल्यावर हे लुकलुकणं होणार. ते संपलं की उरतो एक स्थिर दिवा. मग खरोखर हवा गेली तरी तो दिवा आणखी काय करणार? आधीच लागलेला आहे.

माझं नेमकं हेच झालं. जानेवारीतली सकाळ, उणे बारा. दिवा नेहमीप्रमाणे लुकलुकून स्थिर झाला, मी नेहमीप्रमाणे तिकडे बघितलं नाही. महामार्गावर गाडी किंचित डावीकडे ओढत होती. बर्फात पडलेल्या चाकोऱ्यांमुळे असेल म्हणून मी स्टिअरिंग जरा उजवीकडे धरून तीसेक किलोमीटर तसाच गेलो. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा डावं पुढचं चाक पसरलेलं दिसलं. गॅरेजमध्ये टायर रिमवरून उतरवला तर आतून मूठभर काळी भुकटी फरशीवर सांडली. टायरची बाजूची भिंत मऊ हवेवर दुमडत, घासत, आतून दळली गेली होती. बाहेरून टायर अगदी ठणठणीत दिसत होता. पंक्चर होतं बोटाच्या पेरापेक्षा लहान स्क्रूचं, बरोबर मधल्या पट्ट्यात, सहज निघण्यासारखं. पण त्या भुकटीनंतर टायर फेकूनच द्यावा लागला. सेन्सरचे वाचवलेले पैसे टायरात गेले. वर जोडीचा टायर अर्धा झिजलेला असता तर तोही बदलावा लागला असता.

त्यामुळे माझं उत्तर: चाकात सेन्सर असलेली गाडी असेल आणि हिवाळी टायर दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त वापरणार असाल, तर दुसरी रिम आणि तिच्यात दुसरे सेन्सर. गाडी पुढच्याच वर्षी विकणार असाल तर मात्र एका हिवाळ्यासाठी घेऊ नका. पण मग दर आठवड्याला, गाडी हलवण्याआधी, हातातल्या मीटरनं चारही चाकांची हवा बघायची. हे जमणार नसेल तर ‘दिवा लागू दे’ म्हणू नका.

तिसरा मार्ग आहे: एकच रिम ठेवायची आणि ऋतू बदलला की टायर उतरवून दुसरे चढवायचे. सेन्सर तेच राहतात, गाडीला काही शिकवावं लागत नाही. पण वर्षातून दोनदा प्रत्येक टायर यंत्रावर जातो, दरवेळी बॅलन्सिंग आणि मजुरी आलीच, आणि टायरची कड सोडवणारा दांडा बरोबर व्हॉल्व्हजवळ दाबला गेला की आतला सेन्सर गेला. चार-पाच वर्षांचा हिशेब मांडलात तर वेगळी रिमच परवडते, असं माझं मत.

सेन्सर घेताना पहिली अट रेडिओच्या वारंवारतेची. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक गाड्या ३१५ मेगाहर्ट्झवर ऐकतात, युरोपातल्या ४३३ वर, आणि उत्तर अमेरिकेतही काही गाड्या ४३३ वाल्या असतात. चुकीचा सेन्सर कितीही चांगला असला तरी गाडीच्या लेखी मुका. म्हणून इंटरनेटवर स्वस्त दिसले म्हणून मागवू नका, गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगूनच घ्या.

प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडी फक्त नोंदलेल्या क्रमांकांचंच ऐकते. नाहीतर सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाडीचं पंक्चर आपल्याला दिसायचं. नवे क्रमांक नोंदवण्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी. काही गाड्या थोडा वेळ चालवल्या की आपोआप ओळख करून घेतात. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत शिकवण्याचा मोड चालू करून डाव्या पुढच्या चाकापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गाडीभोवती फिरायचं: डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं. व्हॉल्व्हजवळ छोटं यंत्र धरलं की सेन्सर जागा होतो आणि गाडी हॉर्न वाजवून ‘कळलं’ म्हणते. थंडीत कुडकुडत हे करताना शेजारी खिडकीतून बघतात, ते सोडा. टोयोटाच्या अनेक गाड्यांत मात्र क्रमांक डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधून लिहावे लागतात, म्हणजे दर ऋतूला दुकानाची फेरी.

ही फेरी टाळायची सोपी युक्ती म्हणजे नक्कल. बाजारात कोरे, प्रोग्रॅम करता येणारे सेन्सर मिळतात. टायरवाला तुमच्या उन्हाळी चाकांतले चार क्रमांक वाचून तेच या नव्या सेन्सरांत उतरवतो. गाडीला चाकं बदलल्याचा पत्ताच लागत नाही. मी हेच केलंय. ऑर्डर देण्याआधीच ‘क्रमांक कॉपी करून द्याल का?’ असं स्पष्ट विचारा, कारण टायर रिमवर चढल्यावर कोणी पुन्हा उत्साह दाखवत नाही. उन्हाळी चाकं त्या दिवशी गाडीला लावलेली किंवा डिकीत बरोबर असायला हवीत, हे ओघानं आलंच.

बॅटरीबद्दल विचारलंत म्हणून: ती सेन्सरमध्ये कायमची बंद केलेली असते, बदलता येत नाही. साधारण ५ ते १० वर्षं चालते. कोपऱ्यात ठेवलेलं चाक फिरत नसल्यानं त्यातला सेन्सर बहुतांश झोपलेला असतो, तेवढी बॅटरी वाचते. गाडी आठ वर्षांची असेल आणि मूळ सेन्सर शेवटच्या घटका मोजत असतील, तर हिवाळ्यात दिवा शांत आणि उन्हाळी चाकं लावल्यावर पुन्हा चालू, असं उलटं चित्र दिसू शकतं. घाबरू नका, दोष नव्यांत नाही.

व्हॉल्व्हच्या टोपणाची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण ऐका. माझ्या सेन्सरांचे व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचे. मी हौसेनं पितळी टोपणं लावली. रस्त्यावरचं मीठ आणि ओल यांनी दोन धातूंमध्ये जो गंज धरला, त्यात एप्रिलपर्यंत टोपण व्हॉल्व्हला चिकटून बसलं. पकडीनं फिरवलं तर टोपण नाही, व्हॉल्व्हच पिळून तुटला, आणि पाच सेकंदांत हवा गुल. तेव्हापासून साधी प्लॅस्टिकची टोपणं. व्हॉल्व्हच्या आतली, हवा अडवून धरणारी बारीक सुईही निकेलचा मुलामा असलेलीच हवी, पितळी नको. आणि टायर रिमवरून उतरलाच, तर व्हॉल्व्हचं रबरी सील, नट आणि सुई यांचा छोटा संच बदलून घ्या.

आता सगळं बरोबर बसवूनही पहिल्या कडाक्याच्या थंडीत सकाळी दिवा लागेल. सेन्सर खराब म्हणून दुकानात धावू नका, तो खरं बोलतोय. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की दाब १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरतो. समजा उबदार गॅरेजात, २० अंशांना, ३२ पीएसआय भरलंत आणि गाडी उणे २० मध्ये रात्रभर उभी राहिली, तर सकाळी उरतात २५-२६. अमेरिकी नियमाप्रमाणे ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर दिवा लागलाच पाहिजे, म्हणजे ३२ वाल्या गाडीत २४ ला. युरोपात तर २० टक्क्यांनाच. एखाद्या चाकात आधीच ३० असेल तर दिवा लागलाच समजा. वीस मिनिटं चालवल्यावर टायर तापतात आणि तो विझतो, म्हणून लोक विसरून जातात. हवा भरली कोणी? कोणीच नाही. गाडी बाहेर थंडीत उभी असताना, चालवण्याआधी, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा भरा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही.

चाकं उतरवताना प्रत्येकावर आतल्या बाजूनं खडूनं ‘डावं पुढचं’ वगैरे लिहून ठेवा. अदलाबदल झाली आणि तुमची गाडी जागा स्वतः ओळखणारी नसेल, तर पडद्यावर एका चाकाचं नाव आणि दुसऱ्याचा आकडा दिसेल. आणि नवी चाकं चढवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनी नट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा. त्याच थांब्यावर हातातल्या मीटरनं एका चाकाचा दाब घ्या आणि पडद्याशी ताडून बघा. दोन्ही आकडे एखाद्या पीएसआयच्या फरकानं जुळले, की नक्कल नीट उतरली.