'डन्जन' म्हणजे अंधारकोठडी का?

एका वाचकाने विचारलं आहे: 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या, काल्पनिक पात्रं होऊन साहसं करायच्या खेळाविषयी मराठीत लिहिताना 'डन्जन'साठी 'अंधारकोठडी' हा शब्द चालेल का? शब्दकोशात तर तोच दिलेला आहे.

शब्दकोशाचं काही चुकलेलं नाही, पण या खेळापुरता तो शब्द चालणार नाही. माझं मत 'भुयार' या शब्दाला.

अंधारकोठडी म्हटलं की डोळ्यांपुढे एकच खोली येते. बाहेरून कडी घातलेली, आत कुणीतरी शिक्षा भोगत बसलेलं. कोठडीत माणूस आपल्या पायांनी जात नाही, त्याला तिथे डांबतात. खेळातले खेळाडू मात्र मशाली पेटवून, दोरखंड खांद्यावर टाकून, खजिन्याच्या आशेने आपणहून खाली उतरतात. तिथे खोल्या असतात, बोळ असतात, चोरवाटा असतात आणि आणखी खाली नेणारे जिनेही असतात.

हा अर्थ आला कुठून, हे पाहायला खेळाच्या पहिल्या आवृत्तीकडे जावं लागतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४च्या जानेवारीत बाहेर पडला. प्रकाशक होती टॅक्टिकल स्टडीज रूल्स, म्हणजे पुढे 'टीएसआर' म्हणून गाजलेली कंपनी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावात गायगॅक्स आणि त्याचा मित्र डॉन के यांनी ती आदल्याच वर्षी काढली होती. पहिली छपाई १,००० प्रतींची. लाकडासारख्या दिसणाऱ्या खोक्यात तीन पातळ पुस्तिका, खोकी हाताने जुळवलेली, किंमत दहा डॉलर. मुखपृष्ठावर 'रोल-प्लेइंग' (भूमिका वठवणं) हा या खेळप्रकाराचा आजचा शब्द औषधालाही सापडत नाही. कागद, पेन्सिल आणि छोट्या पुतळ्यांनी खेळायच्या, मध्ययुगीन अद्भुत युद्धखेळांच्या मोहिमांचे हे नियम आहेत, एवढंच तिथे म्हटलं आहे. खेळाला स्वतःचं जातिनाम मिळायचं होतं.

आपल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या पुस्तिकेत आहे. खेळ सुरू होण्याआधी डन्जन कसं रचायचं, ते तिथे सांगितलं आहे. आलेखाचा कागद घ्या, निदान तीन तळ (लेव्हल) एकदम आखा. चांगल्या डन्जनला खाली बारा तरी तळ हवेत, शिवाय त्यांना फुटलेले उपतळ हवेत, आणि खेळणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून नवे तळ खोदणं चालूच राहायला हवं. सोबत अशा तळांचा उभा छेद दाखवणारं चित्रही आहे. बारा तळांची कोठडी कुणी ऐकली आहे का?

गंमत अशी की 'डन्जन'चा मूळ फ्रेंच शब्द 'दोंजों' जमिनीखालचा नव्हताच. किल्ल्यातला सर्वांत भक्कम, उंच बुरूज म्हणजे दोंजों. 'धनी' या अर्थाच्या लॅटिन 'डॉमिनस'शी त्याचं नातं. इंग्रजीत तो हळूहळू किल्ल्याखालच्या तुरुंगाचा वाचक झाला. आर्नेसनच्या मिनेसोटातल्या मंडळींनी 'ब्लॅकमूर' नावाच्या काल्पनिक किल्ल्याखालच्या वाटा धुंडाळायला सुरुवात केली, तेव्हा तुरुंग मागे पडला आणि भूमिगत चक्रव्यूह उरला.

त्या काळच्या खेळकर्त्यांनाही हाच अर्थ अभिप्रेत होता, याचा माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा एका प्रतिस्पर्ध्याकडे आहे. १९७५मध्ये ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रेने आपला खेळ काढला. त्याची पहिली छपाई जेमतेम शंभर प्रतींची होती. पुढे 'फ्लाइंग बफेलो' या कंपनीने तो चालवला. नाव काय, तर 'टनेल्स अँड ट्रोल्स'. 'डन्जन्स'च्या जोडीला त्याला 'टनेल्स' सुचले, म्हणजे चक्क भुयारंच.

'तळघर'ही काहींनी सुचवलं आहे. पण तळघर वाड्याखालचं, धान्य किंवा दागिने ठेवायचं, दहा पावलांत संपणारं. भुयार कुठवर जातं, हे मात्र शिरल्याशिवाय कळत नाही. 'लेव्हल'साठी मी 'मजला' टाळतो, कारण मजले वर चढतात. 'तळ' बरा. अतल, वितल, सुतल अशी एकाखाली एक सात पाताळं मोजण्याची सवय आपल्याला आहेच. खेळाचं नाव मात्र आहे तसंच ठेवावं. विशेषनामाचं भाषांतर केलं तर वाचक भलताच खेळ समजेल.

आता जोडीचा शब्द, 'डन्जन मास्टर', म्हणजे खेळ चालवणारा. पहिल्या पुस्तिकांत तो नाही. तिथे 'रेफरी' आहे आणि साहित्याच्या यादीत 'एक सोशिक रेफरी' अशी त्याची नोंद आहे. पुढे रूढ झालेल्या 'डन्जन मास्टर'च्या नावाने १९७९मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक ग्रंथच निघाला. 'भुयारस्वामी' वगैरे घडवण्यात अर्थ नाही, आणि 'पंच' फक्त निवाडा देतो. इथे हाच माणूस भुयार आखतो, त्यातले राक्षस बोलवतो आणि निवाडाही देतो. त्याला 'सूत्रधार' म्हणावं.