स्वादुपिंडाच्या कॅन्सरला रोबोटिक सर्जरी बरी की लॅप्रोस्कोपी?

तुमच्या सासऱ्यांची गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे आहे, ठाण्यातले एक डॉक्टर रोबोट म्हणतायत आणि दुसरे दुर्बिणीतून (म्हणजे लॅप्रोस्कोपी), म्हणून गोंधळलाय. मी डॉक्टर नाही, पण माझ्या बाबांचं स्वादुपिंडाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालंय म्हणून लिहितेय.

बाबांची गाठ शेपटाकडे होती. तिथे तेवढा भाग आणि प्लीहा काढतात, आतडं जोडायचं काम नसतं, त्यामुळे दुर्बीण छान चालते. डोक्याकडचं ऑपरेशन म्हणजे व्हिपल, त्यात काढण्यापेक्षा जोडणं अवघड, स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर असे तीन जोड आतड्याला शिवायचे असतात. दुर्बिणीची हत्यारं सरळ काठीसारखी असतात, रोबोटची टोकं मनगटासारखी वळतात आणि पोटातलं कुठलं पुढे, कुठलं मागे हे नीट दिसतं, म्हणून या शिवणकामाला रोबोट सोपा पडतो. पण रोबोट स्वतः काही करत नाही हो, कन्सोलवर, म्हणजे तो चालवायच्या टेबलाशी, बसलेला सर्जनच शिवतो. रोबोटमुळे पेशंट जास्त वर्षं जगतो असंही सिद्ध झालेलं नाही.

आणि पोट उघडून करणं हा तिसरा पर्याय कमी समजू नका. नेदरलँड्समध्ये दुर्बिणीतून व्हिपल आणि उघडून व्हिपल अशी तुलना केली होती, दुर्बिणीच्या ५० पैकी ५ जण ९० दिवसांत गुंतागुंतीमुळे गेले, उघडून केलेल्या ४९ पैकी १, आणि तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०१९ ला छापून आलंय ते.

खरी भीती लीकची असते, म्हणजे स्वादुपिंडाच्या जोडातून किंवा कापलेल्या टोकातून पाचकरस पोटात गळण्याची. बाबांनाही झाला, ड्रेन (पोटातलं पाणी बाहेर पिशवीत काढणारी नळी) लावूनच घरी आणलं, आई रोज सकाळी पिशवीतलं पाणी मापाच्या भांड्यात ओतून कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाखाली आकडा लिहायची, ९०, ७०, परत ११०, त्या ११० च्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

म्हणून मशीन कुठलं हे नंतर विचारा. आधी दोघांनाही विचारा की वर्षाला व्हिपल किती करता, त्यातले या पद्धतीने किती, आणि रात्री दोनला रक्तस्राव झाला तर बघायला कोण असतं. वर्षाला वीसच्या खाली असतील तर मी तरी दुसरीकडे जाईन, खारघर-परळपर्यंत जावं लागलं तरी चालेल. मेडिक्लेम असेल तर रोबोटिकला वेगळी लिमिट आहे का तेही बघून घ्या, बऱ्याच पॉलिसीत असते.

आणि सेकंड ओपिनियनला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको, सीटी स्कॅनची सीडी न्या. गाठ मोठ्या शिरेला चिकटलीय का हे सर्जनला स्वतः बघायचं असतं, आणि चिकटली असेल तर बऱ्याचदा आधी केमो देतात.