‘आम्ही कुणाचं काय वाईट केलं होतं?’

‘मॅडम, आजवर कुणाच्या पाच पैशांना हात लावला नाही आम्ही. मग आमच्याच पोराला हे का?’

टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणं जवळजवळ थांबतं तो आजार, असलेल्या मुलांच्या पालकांकडून हे वाक्य मी समुपदेशन करताना सतत ऐकते. कुणी नशीब म्हणतं, कुणी पितृदोष, कुणी ‘देव चांगल्यांचीच परीक्षा बघतो’. आतला हिशोब एकच असतो: चांगल्याचं चांगलं होतं, वाईटाचं वाईट, आमच्याकडे दुःख आलं, म्हणजे आमचंच कुठेतरी चुकलं असणार. देव न मानणाऱ्या घरांतही हाच हिशोब चालतो. तिथे पापाच्या जागी ‘गरोदरपणात ऑफिसचा ताण घेतला’ किंवा ‘लहानपणी बिस्किटं फार दिली’ असं येतं, एवढाच फरक.

याचं उत्तर एका कुटुंबाच्या निमित्ताने देते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं इथे थोडक्यात आणलं आहे.

ओंकार अकरा वर्षांचा, सहावीतला. तालुक्याच्या गावी वडिलांचं कापडाचं दुकान. दीड वर्षापूर्वी वजन उतरू लागलं, सारखी तहान, रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. एके पहाटे उलट्या आणि धाप लागली म्हणून नेलं, तर थेट आयसीयू. तेव्हापासून दिवसाला इन्सुलिनची चार इंजेक्शनं आणि चार-पाच वेळा बोट टोचून साखर बघणं सुरू झालं.

डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं ते साखरेच्या नोंदींच्या वहीमुळे. वहीत आकडे ११५, ११८, १२४, १३०. मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ही रक्ततपासणी मात्र १०.४, म्हणजे साखर सरासरी अडीचशेच्या आसपास. वही खरी असती तर ही तपासणी सहाच्या आसपास यायला हवी होती. शिवाय सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या, आणि एकाही पानावर रक्ताचा ठिपका नाही. रोज बोट टोचणाऱ्या मुलाची वही इतकी स्वच्छ राहत नाही.

‘खोटं लिहितोय, दुसरं काय,’ वडील म्हणाले. ओंकार खाली बघत बसला होता.

आईशी मी आधी एकटीशी बोलले. सोमवार, गुरुवार, संकष्टी असे उपास चालू होते. त्र्यंबकेश्वरला जाऊन तीन दिवसांचा नारायण नागबळी करून झाला होता. याशिवाय एक गोष्ट त्यांनी औषधपाण्याचा भाग असावा इतक्या सहज सांगितली.

‘साखर अडीचशेच्या वर गेली की त्या रात्री मी जेवत नाही.’

‘त्याने काय होतं?’

‘होत काहीच नाही, मॅडम. पण पोरगं भोगतंय आणि मी पोटभर जेवायचं, हे बरोबर वाटत नाही.’

घरात आजी दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हणतात. अकरावा श्लोक आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे: ‘जगी सर्व सुखी असा कोण आहे, विचारे मना तूंचि शोधूनि पाहे’. धीर देण्यासाठी आपण बहुतेक वेळा तेवढाच म्हणतो. आजी पूर्ण म्हणायच्या: ‘मना त्वांचि रे पूर्वसंचित केले, तयासारिखे भोगणे प्राप्त झाले’. ओंकारने एकदा झोपताना विचारलं होतं, ‘आई, मी मागच्या जन्मी काय केलं होतं?’ आईकडे उत्तर नव्हतं. तिने त्याला थोपटून झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी एक उपास वाढवला.

पुढच्या भेटीत मी ग्लुकोमीटर, म्हणजे घरी साखर मोजायचं यंत्र, मागवला. मीटर जुने आकडे तारीख-वेळेसकट जपून ठेवतो. आई, ओंकार आणि मी टेबलाशी बसलो. मीटर ओंकारच्या हातात, वही आईसमोर. तो बटण दाबत गेला. ३१२, वहीत ११८. २८७, वहीत १२४. ६४, तिथेही ११८. त्या ६४ ला मी थांबले. साखर सत्तरच्या खाली गेली की हातपाय थरथरतात, घाम फुटतो, आणि आणखी घसरली तर मूल बेशुद्ध पडू शकतं. तेही त्याने लपवलं होतं.

‘११८ च का लिहिलंस?’ मी विचारलं.

‘चांगला आकडा आहे.’

‘आणि ३१२?’

‘वाईट.’

‘वाईट आकडा लिहिला तर काय होतं?’

बराच वेळ तो बोलला नाही. मग मीटरकडेच बघत म्हणाला, ‘११८ लिहिलं की आई रात्री जेवते.’

आईने वही मिटली. त्या रडतील असं मला वाटलं होतं, पण त्या रडल्या नाहीत. मुलाकडे बघत त्यांनी विचारलं, ‘म्हणजे मला जेवू घालायला तू...?’ ओंकारने मान हलवली. आई मुलासाठी प्रायश्चित्त घेत होती आणि मुलगा आईला त्यातून सोडवायला खोटं लिहीत होता. त्या खोट्या आकड्यांवर डॉक्टर इन्सुलिनचं प्रमाण ठरवणार होते. दोघांचं मन निर्मळ होतं, तरी नुकसान होत होतं. कारण साखरेच्या आकड्याला दोघांनीही पाप-पुण्याचा निकाल मानलं होतं.

मी विवेकनिष्ठ मानसोपचार मानणारी आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये तो मांडायला सुरुवात केली आणि मराठीत तो कि. मो. फडके यांनी रुजवला. प्रसंग आणि आपली अवस्था यांच्या मध्ये आपली एक धारणा उभी असते, तिला हात घाला, असं हा विचार सांगतो. ‘माझ्या मुलाला हे व्हायला नको होतं’ ही इच्छा आहे. तिच्यातून दुःख येतं आणि ते रास्त आहे. ‘आम्ही सरळ वागलो, तेव्हा हे होताच कामा नये होतं’ हा जगाकडे धरलेला हट्ट आहे. जग तो पाळत नाही, मग आपण तो खरा ठरवण्यासाठी स्वतःचाच गुन्हा शोधतो. दुःख कमी करायला मी कधीच सांगत नाही. अपराधभाव मात्र तपासून बघायला सांगते.

हा हट्ट किती खोल असतो हे मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एका प्रयोगातून दाखवलं. विद्यार्थिनींसमोर एका मुलीला चुकलेल्या उत्तरांबद्दल विजेचे झटके बसत असल्याचा देखावा केला. तिची सुटका करण्याची संधी मिळाली, तेव्हा बहुतेकींनी ती घेतली. तिचे हाल चालूच राहणार असं ज्यांना वाटलं, त्या तिलाच कमी लेखू लागल्या. निष्पाप माणूस उगाच सोसतोय हे बघवत नाही, म्हणून आपण त्याला दोषी करून मोकळे होतो. भेटायला येऊन ‘कर्माचे भोग’ म्हणणारे नातेवाईक दुष्ट नसतात. ते स्वतःची भीती शांत करत असतात. आई तेच स्वतःच्या बाबतीत करते. ‘माझ्यामुळे झालं’ म्हटलं की निदान कारण तरी सापडतं, आणि कारण आपल्या हातातलं असेल तर उपायही आपल्या हातात, असं वाटतं.

कर्मसिद्धांत खरा की खोटा हे ठरवायला मी बसलेली नाही. तो कुणाला लावला जातोय, एवढंच मी बघते. उद्याच्या स्वतःच्या वागण्याला लावला तर माणूस जपून वागतो. आजारी लेकराच्या मागच्या जन्माला लावला तर ते लेकरू आकडे लपवायला शिकतं. वडिलांना मी त्यांच्याच दुकानाच्या भाषेत सांगितलं: आपण बरं वागलो की वाईट याचं एक खातं, आयुष्यात काय सोसावं लागलं याचं दुसरं, एकातली रक्कम दुसऱ्यात ओढली की दोन्ही खाती चुकतात.

‘मग चांगलं वागून उपयोग काय?’ त्यांनी लगेच विचारलं. प्रश्न बरोबर होता. चांगल्या वागण्याने आजार अडत नाही. आजार आल्यावर घरात कसं वातावरण असेल, रात्री अडीच वाजता साखर बघायला कोण उठेल, शेजारी धावून येतील की नाही, हे मात्र त्यावरच ठरतं.

माणसांच्या वाईट वागण्याचं खातं मात्र रिकामं नसतं, आणि इथे पालक हमखास चुकतात. सगळंच नशिबाचं म्हटलं की माणसांनी केलेला अन्यायही नशिबात जमा होतो. शाळेत ओंकारला स्वच्छतागृहात जाऊन इंजेक्शन घ्यायला सांगत, आणि तास चालू असताना थरथर सुटली तरी मधली सुट्टी होईपर्यंत खाऊ देत नसत. आई हेही भोग म्हणूनच सोसत होती. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, यात कुणी गुन्हेगार नाही. मुलाला तासाला खाऊ न देणं ही माणसाने केलेली चूक आहे आणि ती थांबवता येते. डॉक्टरांचं पत्र घेऊन दोघं मुख्याध्यापकांना भेटले. इंजेक्शनसाठी स्वच्छ जागा, दप्तरात ग्लुकोज, आणि साखर उतरली की दोन-तीन छोटे चमचे ग्लुकोज पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, एवढं वर्गशिक्षकांना समजावून दिलं. अर्ध्या तासात काम झालं. आईच्या खांद्यावरचं निम्मं ओझं तिथे उतरलं असं मला वाटतं.

ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांनी ‘का’चे दोन भाग करावेत. आजार कशाने झाला, हा डॉक्टरांना विचारायचा प्रश्न. त्याचं उत्तर असं: काही जनुकांची पार्श्वभूमी असते, त्यावर बाहेरचं काहीतरी निमित्त होतं, आणि लक्षणं दिसण्याच्या कित्येक महिने, कधी काही वर्षं आधी आतली प्रक्रिया सुरू झालेली असते. गोड खाण्याने हा होत नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. ‘आमच्याच वाट्याला का’ हा दुसरा प्रश्न कुणालाही विचारून सुटत नाही. तो शोकाचा आहे. त्यासाठी रडावं, जवळच्या माणसाशी बोलावं, पण उत्तर म्हणून स्वतःचं नाव लिहू नये.

घरातली भाषा बदलावी. साखर ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ नसते. ती कमी, जास्त किंवा टप्प्यात असते. आकडा दिसल्यावर आपला चेहरा कसा होतो, हे मूल आकड्याआधी वाचतं. म्हणून पहिलं वाक्य ठरवूनच ठेवावं: ‘बरं, लिही. आता काय करायचं?’ सगळं नीट पाळूनही साखर चढते, हे त्यालाही सांगावं. सर्दी-ताप, वाढीच्या वयातले संप्रेरकांचे बदल, अपुरी झोप, एकाच जागी टोचून झालेली गाठ, उन्हात राहून बिघडलेलं इन्सुलिन, यांतलं काहीही कारण असू शकतं. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं वापरू नये.

उपास-पूजा सोडायला मी सांगत नाही. एक कसोटी लावायला सांगते: साखर वाढली की उपास वाढतो का? वाढत असेल, तर ती भक्ती राहिलेली नाही, शिक्षा झाली आहे. मुलाचं इन्सुलिन मात्र कोणत्याही व्रतासाठी, काढ्यासाठी किंवा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करायचं नाही. ते बंद केलं की एक-दोन दिवसांतही रक्तात आम्ल साठून जीव धोक्यात येऊ शकतो. उलटी होतेय, खात नाही म्हणूनही ते आपल्या मनाने थांबवू नये, डॉक्टरांना फोन करावा.

मूल ‘मीच का?’ म्हणालं तर ‘देवाला तूच आवडतोस’ असलं काही सांगू नये. त्याला ते खरं वाटत नाही, आणि वाटलंच तर देवाची भीती बसते. ओंकारच्या आईने माझ्यासमोर त्याला सांगितलं, ‘तू काही केलं नाहीस. मी पण नाही. मला वाईट वाटतं, पण तुझ्यामुळे नाही.’ आजींनीही श्लोक म्हणणं सोडलं नाही, फक्त नातवाला जवळ घेऊन वेगळं सांगितलं की हे तुझ्यासाठी नाही रे बाळा.

तीन महिन्यांनी आलेल्या वहीत तीनशेच्या वरचे आकडे होते, ६० होता, दोन पानांवर रक्ताचे ठिपके होते. एचबीए१सी ८.६ आली. अजून ती सातच्या आसपास आणायची आहे, पण आता डॉक्टरांच्या हातात खरे आकडे आहेत.

आईचं किंवा वडिलांचं मन दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच लागत नसेल, झोप-भूक गेली असेल, किंवा ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं मनात येत असेल, तर मुलाच्या डॉक्टरांनाच ते सांगावं आणि स्वतःसाठी मदत मागावी. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.