वैद्यांचा सल्ला : पावसातला मंद अग्नी

प्रश्न : पाऊस सुरू झाल्यापासून रात्री दही-भात खाल्ला की सकाळपर्यंत पोट जड राहते. वैद्य म्हणाले, ‘अग्नी मंद झाला आहे.’ हा अग्नी म्हणजे नेमके काय? – एक वाचक, फोंडा

उत्तर : अन्न पचवून त्याचा रस, रक्त आदी धातूंमध्ये, म्हणजे शरीर घडवणाऱ्या घटकांमध्ये, पालट करणाऱ्या शक्तीला आयुर्वेद अग्नी म्हणतो. असे 13 अग्नी सांगितले असून त्यांत पोटातला जठराग्नी मुख्य होय, कारण बाकीचे 12 त्याच्याच बळावर चालतात. वर्षा ऋतूत तो स्वभावतःच दुबळा होतो आणि वातही वाढतो. त्यात दही पचायला जड. रात्री ते खाऊ नये, असे चरकसंहितेत स्पष्ट म्हटले आहे.

आपल्याकडे दहाच्या सुमारास वाडग्यातून घेतली जाणारी उकड्या तांदळाची ऊन पेज ही या दिवसांत उत्तम. तिच्याबरोबर तोंडी लावायला खारातली कैरी जरा बेतानेच घ्यावी. जेवणाआधी आल्याचा लहानसा तुकडा सैंधव लावून चावावा. मात्र छातीत जळजळ होत असेल किंवा रक्तदाब असेल, तर वैद्यांना विचारूनच. वजन घटत असल्यास किंवा शौचातून रक्त जात असल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तपासणी करून घ्यावी.