मेंदूखालचं कडं

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत पक्षाघातावर संशोधन करते. तिच्या बोलण्यात ‘थॉमस विलिस पुरस्कार’ येतो. हे विलिस कोण?

उत्तर : सतराव्या शतकातले ऑक्सफर्डचे डॉक्टर (१६२१–१६७५). अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन हा पुरस्कार पक्षाघाताच्या मूलभूत संशोधनासाठी देते, म्हणजे प्रयोगशाळेत खपणाऱ्यांसाठी. ‘न्यूरॉलॉजी’ (मेंदू आणि मज्जातंतूंचं शास्त्र) हा शब्दही विलिसांचाच.

प्रश्न : मेंदूच्या तळाशी धमन्यांचं कडं असतं, ते त्यांनीच शोधलं ना?

उत्तर : नाव त्यांचं पडलं, पण पाहिलं होतं आधीच्यांनीही. स्वित्झर्लंडच्या योहान वेप्फर यांच्या १६५८च्या ग्रंथात त्याचं वर्णन आहे. (त्यांच्या वाट्याला कडं आलं नाही, पण पुरस्कार त्यांच्याही नावाचा आहे.) विलिसांनी विचारलं, हे कडं कशासाठी? मृतदेहाच्या मानेतल्या एका धमनीत त्यांनी शाई मिसळलेलं पाणी सोडलं. ते दुसऱ्या बाजूच्या धमनीत उतरलं, म्हणजे एक वाट बंद झाली तरी रक्त कड्यातून दुसऱ्या वाटेने जाऊ शकतं. पुढे पोटातल्या गाठीने दगावलेला एक माणूस त्यांनी तपासला. उजवी कॅरोटिड (मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी) धमनी कवटीच्या आत दगडासारखी होऊन पार बुजलेली, तरी त्याला पक्षाघात झालेला नव्हता! त्याच बाजूने मानेच्या मणक्यांतून वर जाणारी धमनी जोडीदारापेक्षा तिप्पट रुंद झाली होती. हे सगळं १६६४च्या ग्रंथात आहे. त्यातली बरीच चित्रं ख्रिस्तोफर रेनची, लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधणारे तेच.

प्रश्न : एवढी सोय असताना पक्षाघात होतोच कसा?

उत्तर : कडं चित्रातल्यासारखं पूर्ण असणारी माणसं थोडी. बऱ्याच जणांत एखादा दुवा दोऱ्याएवढा बारीक असतो. रक्ताची गुठळी कड्याच्या पुढच्या फांदीत अडकली, तर कडं काय करणार? शिवाय त्या माणसासारखी दुसरी धमनी रुंद व्हायला वेळ लागतो. गुठळी क्षणात येऊन बसते.

प्रश्न : काल आईच्या हातातून बशी पडली, जीभ अडखळली. पंधरा मिनिटांत ठीक झाली. पुढच्या आठवड्यात दाखवलं तर चालेल?

उत्तर : नाही, आत्ताच न्या. असा झटका येऊन गेल्यावर पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे. घरची ॲस्पिरिन देऊ नका. आधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावं लागतं. पुन्हा तसं झालं तर थांबेल म्हणून वाट पाहू नका, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचा विचारतील. बशी किती वाजता पडली, ते आठवून लिहून न्या.