हार्ट अटॅकनंतर अँजिओग्राफीत वडिलांची रक्तवाहिनी 'फुगलेली' निघाली. डॉक्टरांनी गुठळी ओढून काढली, पण स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) टाकलाच नाही. असं चालतं का?

चालतं. बऱ्याचदा तेच शहाणपणाचं असतं. मी हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि अशा केसमध्ये स्टेंट हातात घेऊन परत ठेवलाय.

शेजारच्या निरोगी भागापेक्षा वाहिनी दीडपट किंवा जास्त रुंद असली की आम्ही तिला 'इक्टॅटिक' म्हणतो. फाइलमध्ये हा शब्द सापडेल. हृदयाची उजवी वाहिनी जास्त वेळा फुगते. रुंद म्हणजे रक्त जास्त, असं घरच्यांना वाटतं, पण होतं उलटं. व्यास दुप्पट झाला की तेवढंच रक्त चौपट जागेतून जातं, म्हणजे वेग पाव. स्क्रीनवर डाय (वाहिनी एक्स-रेत दिसावी म्हणून सोडलेला द्रव) सरळ धावत नाही, भोवऱ्यासारखा जागीच घुटमळतो. साचलेलं रक्त गोठतं आणि गुठळीही दांडगी होते.

आता स्टेंटचं. नेहमीचे स्टेंट साधारण सव्वादोन ते चार मिलिमीटरचे. फुगवून थोडे वाढतात, पण वाहिनी सहा-सात मिलिमीटरची असेल तर स्टेंट आत ढगळ बसतो. भिंतीला न टेकलेल्या जाळीवर पुन्हा गुठळी धरते. शिवाय एवढ्या गुठळीवर फुगा दाबला की तिचे तुकडे पुढच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकतात. मग मोठी वाहिनी उघडी दिसते आणि स्नायूला रक्त मात्र पोचत नाही. हे एकदा टेबलावर पाहिलं की स्टेंटची घाई आपोआप कमी होते.

म्हणून गुठळीतून वायर पार करायची, जमेल तेवढी गुठळी ओढायची, गुठळी वाढू नये म्हणून हेपॅरिन आणि गरजेनुसार टिरोफिबानसारखं औषध द्यायचं. प्रवाह सुरू झाला, छातीतलं दुखणं थांबलं, की तिथेच थांबायचं. (गुठळी ओढणं हल्ली प्रत्येक अटॅकमध्ये सरसकट करत नाहीत, इथे मात्र त्याला जागा आहे.) काही दिवसांनी पुन्हा अँजिओग्राफी केली तर कधी कधी गुठळी विरघळलेली असते आणि खाली अडथळाच नसतो. असलाच तर वाहिनीच्या आतून सोनोग्राफी करून नेमकं माप घ्यायचं आणि मग स्टेंटचं ठरवायचं.

खरा वाद पुढच्या, गुठळी टाळण्याच्या गोळ्यांचा. अ‍ॅस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर बहुतेकांना मिळतं. त्यावर वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध द्यायचं की नाही, यावर आमच्यातच एकमत नाही. गुठळी मोठी होती किंवा पुन्हा झाली, तर माझा कल देण्याकडे असतो. पण वय जास्त, अल्सरचा त्रास, आधी रक्तस्राव झालेला, तर हात आखडतो. वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, याची रक्ततपासणी) ठरल्या वेळी तपासा. दात काढायचाय म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

कारण विचारा. निम्म्या रुग्णांत ते नेहमीचंच असतं, भिंतीत साचलेली चरबी. तरुण वयात असं दिसलं तर लहानपणी कावासाकी आजार (मुलांत रक्तवाहिन्यांना सूज आणणारा) झाला होता का, हे आम्ही खोदून विचारतो.

आणि अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, नुसता रिपोर्ट नको. डायचा वेग कागदावर दिसत नाही आणि पुढचा डॉक्टर आधी तोच बघेल.